फ्लोराईडची जागा दातांवर, पोटात नव्हे

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ साली फ्रेडरिक मॅके हे तरुण दंतवैद्य व्यवसायासाठी आले. तिथल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग होते, घासून न जाणारे. नवल म्हणजे या डागाळलेल्या दातांना कीड फारशी लागत नव्हती. कारण पाण्यात असावं असा त्यांना संशय होता, पण पाण्यातला तो घटक फ्लोराईड आहे हे कळायला १९३१ साल उजाडलं. एका प्रश्नाचा इतकी वर्षं पिच्छा पुरवणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

ते डाग पडतात लहान वयात. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत घडत असतं. त्या काळात जास्त फ्लोराईड पोटात गेलं, तर दात डाग घेऊनच उगवतात. मोठेपणी असे डाग नव्याने पडत नाहीत. हाडांना मात्र वयाचं संरक्षण नाही. फार फ्लोराईड असलेलं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर सांधे आखडतात, पाठीचा कणा ताठरतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

खाण्यापिण्यातून ते थोडंफार येतंच. चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड पानांत साठवतं, जून पानांत सर्वांत जास्त. काट्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या लहान माशांतही ते असतं. दुधात अगदीच कमी.

मग कीड थांबते कशी? पूर्वी समज होता, की फ्लोराईड पोटात जाऊन घडत्या दातात मुरतं आणि दात पक्का करतं. आज आपल्याला माहीत आहे, की त्याचं मुख्य काम उगवलेल्या दातांच्या पृष्ठभागावर चालतं. आपण गोड खाल्लं की तोंडातले जीवाणू आम्ल तयार करतात. सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून बाहेर पडू लागतं. नंतर लाळ ते परत भरून काढते. या भरणीच्या वेळी लाळेत किंचितसं फ्लोराईड असलं, तर ती लवकर होते आणि नवा थर आम्लाला आधीपेक्षा जास्त टिकतो. ही झीज-भरण दिवसभर चालू असते. त्यामुळे एकदाच मोठा डोस घेण्यापेक्षा थोडं थोडं, रोज मिळणंच उपयोगाचं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: दात घासल्यावर पेस्ट थुंका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका, नाहीतर दातांवर राहायला हवं ते फ्लोराईड वाहून जातं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट द्या, कारण ते ती थुंकत नाही, गिळतं. आणि त्याचे कायमचे दात अजून हिरडीत घडतायत.