माऊस बाजूला ठेवा

नमस्कार श्रोतेहो. अंध माणसं वेबसाइट कशी वापरतात, असं बरेच जण विचारतात. ऐकून वापरतात. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पानावरचा मजकूर वाचून दाखवतं. आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतं, अँड्रॉइडसाठी टॉकबॅक आहे, विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट मिळतं. साधनांवाचून काही अडत नाही. घोडं पेंड खातं ते वेबसाइट बनवताना.

समजा, ऑनलाइन अर्ज भरायचाय. टॅबची कळ दाबली, आवाज आला, "एडिट, ब्लँक". पुन्हा टॅब. "एडिट, ब्लँक". नाव कुठे, जन्मतारीख कुठे, काही पत्ता नाही. पडद्यावर चौकटीच्या डोक्यावर 'नाव' असं ठळक छापलेलं असतं, पण कोडमध्ये ते लेबल त्या चौकटीला जोडलेलंच नसतं. शेवटी ऐकू येतं, "बटन". कसलं? अर्ज पाठवायचं की सगळं पुसायचं? दाबून बघा आणि देवाचं नाव घ्या! लेबल जोडायला एखादी ओळ पुरते हो.

मराठी पानांवर आणखी एक घोळ असतो. पान कोणत्या भाषेतलं आहे हे कोडमध्ये सांगावं लागतं. तयार साचा उचलला की तिथे इंग्रजी तसंच राहून जातं, आणि मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो. स्कॅन करून चढवलेल्या परिपत्रकाचं तर बोलायलाच नको. स्क्रीन रीडरच्या लेखी तो नुसता फोटो.

बरं, नियम नाहीत असंही नाही. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं १९९९ सालीच काढली, २.२ ही आवृत्ती २०२३ची. साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांची पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, असं त्यात आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांची फॅशन कोणी काढली कोण जाणे, पण ती या परीक्षेत हमखास नापास होते. ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओला कॅप्शन हवीत, हे वेगळं सांगायला नको.

हात थरथरतात म्हणून ज्यांना माऊस धरता येत नाही, त्यांची सगळी भिस्त कीबोर्डवर. आपण कोणत्या लिंकवर आहोत हे त्यांना तिच्याभोवतीच्या चौकटीवरून कळतं. नेमकी तीच चौकट 'बरी दिसत नाही' म्हणून काढून टाकतात!

एका क्लिकमध्ये वेबसाइट सुलभ करून देतो म्हणणाऱ्या, वेबसाइटवर वरून बसवायच्या तयार पट्ट्या विकत मिळतात. माझा त्यांच्यावर भरवसा नाही. अक्षरं मोठी होतात, पण अर्ज मुळात चुकीचा बांधलेला असेल तर त्याची डागडुजी पट्टीच्या भरवशावर सोडता येत नाही.

तुमची स्वतःची वेबसाइट असेल, तर आज माऊस बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर एक अर्ज शेवटपर्यंत भरून बघा. मग तोच अर्ज रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, आणि त्या कामाचे त्यांना रीतसर पैसे द्या. नमस्कार.