लपून बसणारं पुरळ

(दृश्य: अंधारी खोली, फोनचा उजेड, मनगटावर निळं बॉलपेन)

रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झालीयत आणि मी माझ्याच हातावर पेनाने गोल काढतेय. मनगटाच्या थोडं वर एक गांध उठलीय, साधारण आपल्या जुन्या रुपयाएवढी, मधे फिकट, कडेला लालसर, हात लावला की गरम लागते, आणि खाज म्हणजे अशी की झोपेत असाल तरी उठून बसाल. गोल काढला, बाजूला वेळ लिहिली, फोटो काढला. आता बघा, सकाळी सहाला हाच हात... गोल आहे, वेळ आहे, गांध नाही. एक डागसुद्धा नाही. पण मांडीवर दोन नवीन आल्यात.

चार महिने हेच चाललं होतं. रात्री अंगभर गांध्या, आणि सकाळी दवाखान्यात जाऊन बसावं तर डॉक्टरांना दाखवायला काहीच नाही, स्वच्छ हात. आपल्याकडे याला अंगावर पित्त उठलं म्हणतात, आई फोनवर पहिलं वाक्य हेच बोलली, "आमसुलाचं पाणी लाव आणि तूरडाळ बंद कर". पण मी राहते सोलमध्ये, आमसुलं संपलेली. इथे याला दुदरगी म्हणतात. आणि जुन्या वैद्यकाच्या पुस्तकांत याचं अजून एक नाव आहे, उनजिन, लपून बसणारं पुरळ. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरंच भरून आलं, म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी पण कुणीतरी असंच सकाळी रिकामा हात घेऊन वैद्याकडे गेलं असणार ना.

(दृश्य: जेगी-दोंग मेट्रो स्टेशन, बाहेर औषधी बाजार)

हा जेगी-दोंगचा बाजार. मेट्रोच्या लाइन एकवर उतरलात की जिना चढतानाच वास येतो, ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी, आणि एक कडू मातकट वास जो आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात येतो अगदी तसा. पोत्यांत मुळं, साली, वाळलेल्या फुलांच्या राशी, हरणाची शिंगं काचेच्या पेटीत. कोरियातल्या जडीबुटीचा हा सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. जवळच ग्यंगही विद्यापीठ आहे, तिथे कोरियन वैद्यकाचा सहा वर्षांचा कोर्स शिकवतात.

हे वैद्यक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हे घरगुती काढे आहेत. तसं नाहीये. इथे 1951 च्या कायद्यापासून दोन वेगळी लायसन्स आहेत, एक ॲलोपॅथीच्या डॉक्टरचं आणि एक हानिसाचं, म्हणजे कोरियन वैद्यकाच्या डॉक्टरचं. त्यांच्या क्लिनिकला हानिवॉन म्हणतात. हानिसा सुया लावतात (ॲक्युपंक्चर), कातडी ओढून धरणारे कप लावतात, काढे देतात, पण ॲलर्जीची साधी गोळी किंवा स्टिरॉइडचं मलम लिहून देत नाहीत, ते त्यांच्या हद्दीत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मूळ ग्रंथ म्हणजे दोंगुइ-बोगाम. हो जुन नावाचे राजवैद्य होते, राजा सोनजोने 1596 ला त्यांना काम दिलं, मधे जपानशी युद्ध, मग राजा गेला, हो जुनना हद्दपार केलं, त्यातही लिहीत राहिले, 1610 ला पूर्ण झालं आणि 1613 ला छापलं. पंचवीस खंड. 2009 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या यादीत आलं. कातडीचे आजार त्यात शरीराच्या बाहेरच्या भागांच्या विभागात येतात.

आता मुद्द्यावर येते. वारंवार येणारं पुरळ म्हटलं की आपण सगळं एकाच पिशवीत टाकतो, "ॲलर्जी आहे". या चार महिन्यांत माझ्याच ओळखीत चार जणांना पुरळ होतं आणि चौघांचं चार वेगळं निघालं.

(दृश्य: खिडकीत बसलेली मैत्रीण, चेहरा दिसत नाही, पाठ)

ही माझी ऑफिसमधली मैत्रीण, कोरियन आहे, तिने परवानगी दिलीय. तिने लग्नाआधी डाएट धरलं होतं, भात पूर्ण बंद, फक्त उकडलेली चिकन ब्रेस्ट आणि पानं, तीन आठवडे. मग पाठीवर, छातीवर आणि मानेखाली लाल खाजरे दाणे आले. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, मलम झालं, काही फरक नाही. नीट बघा, हे दाणे सुटे सुटे नाहीत, जाळीसारखे जोडलेत, आणि जिथले बसले तिथे तपकिरी जाळी मागे राहिलीय. माझ्या गांध्या काही तासांत जायच्या, हिची जाळी दोन महिने झाले तरी आहे. याचं नाव प्रुरायगो पिगमेंटोसा, 1971 मध्ये नागाशिमा नावाच्या जपानी डॉक्टरांनी पहिल्यांदा याचं वर्णन केलं, आणि जपान-कोरियात तरुण मुलींमध्ये हे बरंच दिसतं. कडक डाएट किंवा उपासामुळे शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की रक्तात कीटोन नावाची रसायनं वाढतात, त्याच्याशी याचं नातं आहे. तिला स्किनच्या डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलं, आणि भात खायला सांगितलं. भात! तिने पहिला वाटीभर भात खाल्ला तेव्हा मी समोर होते, ती रडायला लागली होती. सांगायचा मुद्दा, हिला कुणी "अंगात उष्णता आहे, हलकं खा" असं सांगून अजून उपाशी ठेवलं असतं तर पुरळ अजून भडकलं असतं.

दुसरा आपला मराठी मुलगा, मास्टर्स करायला आलाय. याला जांघेत आणि कमरेला गोल चट्टे, खाज. येताना गावच्या मेडिकलमधून ट्यूब आणलेली, ती लावली की दोन दिवसांत बरं, बंद केली की दुप्पट. असं सहा महिने. तुम्ही ओळखलंच असेल, आपल्याकडे याला गजकर्ण म्हणतात, नायटा म्हणतात, बुरशी आहे ती. आणि त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड होतं, जे खाज दाबतं आणि बुरशीला आत मोकळं रान देतं, मग कडा पुसट होतात, गोल आकार बिघडतो, आणि डॉक्टरलाही बघून चटकन ओळखता येत नाही. भारतात हा प्रॉब्लेम सध्या खूप मोठा आहे, कृपा करून मेडिकलवाल्याला विचारून मिक्स ट्यूब लावू नका. याला काय केलं, चट्ट्याच्या कडेची थोडी साल खरवडून काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली पाहिली, बुरशीचे धागे दिसले, संपलं. याच्यासाठी सुया नाहीत, काढा नाही, बुरशीचं औषध, आणि तेही पूर्ण कोर्स.

शेजारच्यांचं तीन वर्षांचं बाळ आहे, त्याला इसब, इथे आतोपी म्हणतात, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खाचेत कोरडी जाड कातडी. आजी अजून थेयॉल म्हणते, गर्भातली उष्णता. याचं पहिलं औषध मॉइश्चरायझर, अंघोळ झाल्या झाल्या, अंग ओलसर असतानाच, रोज. आणि घासायचं नाही. हे कोरियात सांगणं अवघड आहे, कारण इथे सार्वजनिक स्नानगृहात गरम पाण्यात बसून हिरव्या खरखरीत कापडाने अंग घासून मळ काढायची पद्धत आहे, त्तेमिरी म्हणतात, बायका अर्धा अर्धा तास घासून घेतात. मी पण पहिल्या हिवाळ्यात हौसेने केलं. इसबाच्या कातडीला ते अजिबात सोसत नाही.

आणि चौथा, जिममधला मुलगा. बाहेर उणे दहा, आत मेट्रोत हीटर, डब्यात शिरला की पाच मिनिटांत छाती-पाठीवर मोहरीएवढे दाणे, टोचल्यासारखं होतं, तासाभरात गायब. घामोळं नाही हे. अंग आतून तापलं की येणारं पित्त, कोलिनर्जिक म्हणतात. धावल्यावर, तिखट खाल्ल्यावर, बॉसने ओरडल्यावरसुद्धा येतं.

तर ओळखायचं कसं? माझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट घड्याळ ठरली. गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि वेळ लिहा. चोवीस तासांच्या आत ती गांध पूर्ण गेली आणि कातडी जशी होती तशी झाली तर ते पित्त, शीतपित्त, अर्टिकेरिया जे म्हणाल ते. चोवीस तासांपेक्षा जास्त तिथेच राहिली, खाजेपेक्षा दुखतेय, जाताना निळसर डाग सोडतेय, तर ते रक्तवाहिन्यांच्या सुजेचं असू शकतं, तिथे स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन कातडीचा छोटा तुकडा तपासावा लागतो. मागे सालपटं निघतायत, तर पित्त नाही. आणि ओठ, जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली तर गोल बिल काढत बसू नका, इमर्जन्सी, इथे 119, आपल्याकडे 108 किंवा 112.

(दृश्य: हानिवॉन, लाकडी खणांचं कपाट, मनगटावर तीन बोटं)

मी आधी स्किनवाल्यांकडे गेले. सहा आठवड्यांच्या वर चाललंय म्हणून क्रॉनिक म्हणाले, झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी रोज घ्यायला सांगितली, खाज असो नसो रोज, याने कमी नाही झालं तर डोस वाढवता येतो आणि त्याच्याही पुढे इंजेक्शन आहे. चार मिनिटं. चुकीचं काही सांगितलं नाही हां, पण चार मिनिटं.

हानिसांकडे चाळीस मिनिटं लागली. इथे त्यांना वॉनजांग-निम म्हणतात, म्हणजे क्लिनिकच्या प्रमुख. आधी जीभ पाहिली, मग दोन्ही मनगटांची नाडी, मग पोट दाबून पाहिलं, मग प्रश्न. थंडीने वाढतं का उबेने? पांघरुणात का बाहेर? जेवल्यावर पोट फुगतं का, अन्न अडकल्यासारखं वाटतं का, याला ते छे म्हणतात. तहान गार पाण्याची का कोमट? झोप? पाळी कधी, किती दुखते, दुखल्यावर काय घेता?

इथे थांबल्या त्या. "काय घेता?" मी म्हटलं आयब्युप्रोफेन, दोन तीन दिवस. त्यांनी माझा फोन मागितला, गांध्यांच्या फोटोंच्या तारखा आणि पाळीच्या ॲपमधल्या तारखा शेजारी ठेवल्या. प्रत्येक महिन्यातला सगळ्यात वाईट आठवडा तोच. या प्रकारच्या पेनकिलरने क्रॉनिक पित्त बऱ्याच जणांचं भडकतं, हे ॲलोपॅथीच्या पुस्तकातच आहे, पण मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांची ओळखायची पद्धत वेगळी. थंड वाऱ्याने येतं, गांध फिकट, तर ते वारा-थंडीचं. लालबुंद, उबेने वाढतं ते वारा-उष्णतेचं. जेवणाशी जोडलेलं असेल तर पोटातलं. म्हाताऱ्या माणसाची कोरडी कातडी, रात्रीची खाज, म्हणजे रक्त कमी पडतंय, त्याला तांगवी-उमजा नावाचा काढा. लाल गरम चट्ट्यांना ह्वांगन्यन-हेदोकथांग, त्यात चारच वनस्पती आणि चारही जहर कडू. आपल्याला वात-पित्त-कफ ऐकायची सवय आहे म्हणून हे ओळखीचं वाटतं, पण एकच समजू नका, हिशोब वेगळा आहे. आणि माझं स्पष्ट मत, ही वर्गवारी माणूस समजून घ्यायला चांगली आहे, पण तिला बुरशी दिसत नाही, कीटोन दिसत नाहीत. आधी रोगाचं नाव पक्कं करा, मग ही वर्गवारी.

(दृश्य: खोका, त्यात औषधाच्या पिशव्या)

हा माझा काढा. सोपुंगसान, यातलं पुंग म्हणजे वारा, वारा शमवणारं. पंधरा दिवसांच्या तीस पिशव्या, दुधाच्या पिशवीसारख्या सीलबंद, गरम पाण्यात ठेवायची, कोपरा कापायचा, प्यायचं. चव आधी गोडसर मग घशात कडू. अडीच लाख वॉन लागले. सुयांना इथल्या सरकारी विम्यात पैसे मिळतात, काढ्यांना काही ठराविक आजारांतच, कातडीचे त्यात नाहीत. सोबत जाउन्गो नावाचं जांभळं मलम, तिळाचं तेल, मधमाशीचं मेण आणि जांभळी मुळी, वास अगदी तिळाच्या लाडवासारखा, पण चादरीला डाग पडतो तो जात नाही, आणि ते गांध्यांसाठी नाही, टाचेच्या कोरड्या भेगांसाठी दिलं होतं.

फरक पडला का? पडला. पाचव्या आठवड्यात रात्री सलग झोपले. पण मी पेनकिलर बदललं होतं, ॲलर्जीची गोळी रोज घेत होते, काढा पीत होते, आणि क्रॉनिक पित्त अनेकांचं काही महिन्यांनी, वर्षाने आपोआपसुद्धा ओसरतं. यातलं कशाने किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही, म्हणून मी काढ्याने बरी झाले असं या व्हिडिओत म्हणणार नाही. इसबासाठी काढ्यांचे जे प्रयोग झाले, बहुतेक चिनी औषधांचे, ते सगळे एकत्र तपासणारी कोक्रेन या संस्थेची 2013 ची पाहणी सांगते की ठाम पुरावा मिळाला नाही.

काही गोष्टी मात्र नक्की करा. काढ्यात काय काय आहे त्याची यादी मागा. ज्येष्ठमध बऱ्याच काढ्यांत असतं, जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, बीपीवाल्यांनी आधी सांगावं. महिन्यापेक्षा जास्त घ्यायचा असेल तर लिव्हरची टेस्ट करून घ्या, डोळे पिवळे, लघवी गडद वाटली तर लगेच बंद. गरोदर असाल तर विचारल्याशिवाय एक घोटही नाही. आणि अंगावर पित्त उठणाऱ्यांनी मधमाशीच्या विषाची सुई घेऊ नये, ती इथे दुखण्यासाठी सर्रास देतात, 2018 मध्ये बुचॉन शहरात कंबरदुखीसाठी ती घेतलेल्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा तीव्र ॲलर्जीने जीव गेला.

आणि हे दोन डॉक्टर एकमेकांशी बोलत नाहीत. लायसन्स वेगळी, फाइल वेगळी. म्हणून ते काम मी करते. फोनमध्ये एक अल्बम आहे, प्रत्येक फोटोवर तारीख, वेळ, पेनाचा गोल, आणि खाली लिहिलेलं, काय खाल्लं, कुठली गोळी, कितवा दिवस. एका पानावर काढ्याची यादी, दुसऱ्या पानावर गोळ्यांची. पुढच्या मंगळवारी सकाळी स्किनवाल्यांची अपॉइंटमेंट आहे, दुपारी हानिवॉनची. दोघांनाही तोच अल्बम दाखवणार आहे.