खिशात राहिलेलं कार्ड

काणकोणची राजबाग. एका अंगाला तळपण नदी, समोर समुद्र, मध्ये नऊ होलचं गोल्फ मैदान. मोबोरला बारा होलचं आहे. गोव्यात अशी मैदानं मोजकीच, त्यामुळे नेमानं खेळणारे एकमेकांचा स्विंगही ओळखतात.

हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; खेळ जितका कच्चा, तितकी ती मोठी. हँडिकॅप 18 असलेला खेळाडू 90 फटक्यांत फेरी संपवतो, तेव्हा त्याचा नेट स्कोअर 72 धरतात. या वजाबाकीमुळेच नवखा माणूस मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीनं झुंजतो. पण ज्याचा खरा खेळ 12 चा आहे, त्यानं 18 लावून नाव नोंदवलं, तर पहिल्या टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागीच, 6 फटके त्याच्या पदरात पडलेले असतात. याला सँडबॅगिंग म्हणतात. इमानानं स्कोअरकार्ड भरणाऱ्याच्या घामाची ही चोरी आहे.

2020 पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीनं बऱ्याच पळवाटा बुजवल्या. शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या उत्तम 8 चीच सरासरी धरतात, म्हणून स्पर्धेआधी दोन-चार फेऱ्या मुद्दाम वाईट खेळून फारसं साधत नाही. एखाद्या होलवर ढीगभर फटके वाया घालवले, तरी नेट डबल बोगीच्या (त्या होलसाठी ठरलेले फटके, अधिक 2, अधिक तिथं मिळणारी सूट) पुढचे हिशेबात येत नाहीत. वर्षभरातल्या आपल्या सर्वांत कमी हँडिकॅपवर 3 ची वाढ झाली की पुढची वाढ निम्मीच मिळते, आणि 5 च्या वर तर मिळतच नाही. उलट, हँडिकॅपपेक्षा 7 नं सरस फेरी निघाली तर तो आणखी 1 नं उतरतो. 10 नं सरस असेल तर 2 नं.

मग फसवणूक होते कुठे? फेरी झकास झाली की कार्ड खिशातच राहतं. जी फेरी नोंदलीच नाही, ती कुठल्या गणितात सापडणार?

तिथं क्लबची हँडिकॅप समितीच हवी. तिनं टी-टाइमची, म्हणजे कोण कधी खेळायला उतरला याची, वही आणि आलेली कार्डं शेजारी ठेवून ताडून पाहावीत. खेळला पण स्कोअर भरला नाही, तर पेनल्टी स्कोअर लावायचा अधिकार तिला आहे. हँडिकॅप खाली आणायचाही आहे, मात्र आधी त्या खेळाडूचं म्हणणं ऐकून. एरवीचे स्कोअर एक आणि बक्षिसाच्या दिवशीचे भलतेच, असं कुणाचं होतं का, हेही तिनंच बघायचं.

ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार करणं जड जातं. संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसायचं असतं! म्हणून तपासणी सरसकट सगळ्यांची हवी, ठरलेल्या वेळी. मग कुणा एकाला बोट दाखवावं लागत नाही. वार्षिक स्पर्धेच्या याद्या लागण्याआधीच ती उरकावी. करंडक घरी पोचल्यावर तो परत मागायला कुणी धजावत नाही.