आचार्य, आचारी आणि एक जुनी सीडी

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मित्रहो,

माझ्या हातातल्या या सीडीवर मार्कर पेनने ‘स्मरणिका २००१’ असं लिहिलंय. त्या वर्षी आपल्या वाचनालयाने गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यात हातमागावर आयुष्य काढलेले होते, टांगेवाले होते, एक सुईण होत्या. छापील स्मरणिकेत प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड पान आलं. कॅसेटवरून उतरवून घेतलेला पूर्ण मजकूर या सीडीवर राहिला. तेव्हा माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून छपाईसाठी पानं जुळवायचं, छोटं सेंटर होतं, टायपिंग मीच केलं होतं. कॅसेटी पुढे बुरशी लागून गेल्या.

सोळा वर्षांनी त्या सुईणबाईंची नात माझ्याकडे आली. आजीचं सगळं बोलणं तिला हवं होतं. मी सीडी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. एकही शब्द लागेना. ती मुलगी शेजारी खुर्चीवर बसून होती. तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही.

आज मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोला म्हणून मला बोलावलंय, म्हणजे ज्याचा कोड, प्रोग्रामच्या आतला मूळ मजकूर, कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरबद्दल. तर या सीडीपासूनच सुरुवात करतो. मला या विषयात जे काही कळलं ते हिच्यामुळे कळलं.

चिवडा का झाला ते आधी सांगतो. त्या काळात मराठी टाइप करायचं म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवायचं. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असायचं. तेव्हाच्या एका प्रचलित फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरं साठवली जायची. फॉन्ट आहे तोवर ‘मराठी’ दिसतं, फॉन्ट काढला की ही पाच अक्षरं उघडी पडतात. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. माझ्याकडच्या सॉफ्टवेअरला वर आणखी एक लॉक होतं. डीटीपीवाल्यांना आठवत असेल, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला काड्यापेटीएवढं एक ठोकळं लावावं लागायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच व्हायचं नाही. माझं लॉक २००६च्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तेव्हा गेलं. नवं मागितलं तर उत्तर आलं, ते उत्पादन आता बंद आहे. मजकूर आमच्या गावातल्या माणसांचा, टायपिंग माझं, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात.

मग मी शोधायला लागलो. सीडीवर ४३ फाइली होत्या. काही साध्या वर्ड प्रोसेसरमधल्या, काही पेजमेकरच्या, काही त्या लॉकवाल्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या रूपातल्या. पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर तेव्हा महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक डीटीपी सेंटरमध्ये असे. त्याची शेवटची आवृत्ती २००१ साली आली आणि पुढे ते थांबलं. त्याच्या फाइली आज कशात उघडायच्या? उत्तर मिळालं लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये. जगात कुणाला तरी अशाच जुन्या फाइलींची काळजी वाटली होती. २०१४ साली ‘डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्ट’ या नावाने काही प्रोग्रामर एकत्र आले. जे सॉफ्टवेअर मेलं, ज्याच्या फाइलींची रचना कधी कुणी जाहीर केली नाही, त्या फाइली बाइट-बाइट तपासून उलगडायच्या, हे त्यांचं काम. लिब्रेऑफिस पेजमेकरच्या फाइली वाचायला शिकलं ते या मंडळींच्या कष्टांतून. माझ्या पानांची मांडणी विस्कटली, चौकटी इकडच्या तिकडे गेल्या, पण मजकूर बाहेर आला. चिवड्याच्याच रूपात, पण आला.

आता चिवड्याचं युनिकोड करायचं. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक. हे काम वाटतं तितकं सरळ नाही, आणि इथे जरा थांबून सांगायला मला आवडेल.

‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जायचा: पहिली वेलांटी, न, पुन्हा पहिली वेलांटी, म, त्यावर रफार, मग त आणि दुसरी वेलांटी. युनिकोडमध्ये तोच शब्द आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवतात: न, वेलांटी, र, हलन्त, म, वेलांटी, त, वेलांटी. रफार पुढून मागे, वेलांटी मागून पुढे. म्हणजे नुसता या अक्षराऐवजी ते अक्षर असा तक्ता पुरत नाही. प्रत्येक शब्दात घटक उचलून योग्य जागी नेऊन बसवावे लागतात.

पडद्यावर दाखवताना याच्या बरोबर उलटं काम होतं. साठवलेलं असतं उच्चाराच्या क्रमाने, रंगवायचं असतं दिसण्याच्या क्रमाने. तुम्ही फोनवर ‘कि’ लिहिता तेव्हा आधी क, मग वेलांटी देता. तरी वेलांटी उडी मारून क च्या आधी जाऊन बसते. ती उडी कोण मारायला लावतं? बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाचा एक मुक्त प्रोग्राम. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं. बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रामरच्या पुढाकाराने तो उभा राहिला. फायरफॉक्समध्ये तो आहे, क्रोममध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये आहे. या सभागृहातल्या बहुतेक सगळ्यांच्या खिशात या क्षणी तो आहे आणि सकाळच्या प्रत्येक मराठी निरोपामागे तो राबलेला आहे. मला हे कळलं तेव्हा मी खरोखर हरखून गेलो.

तर अशा जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा एक मुक्त कन्व्हर्टर मला मिळाला. आमच्या फॉन्टचा तक्ता आम्ही त्यात भरला. छापील स्मरणिका समोर ठेवायची आणि कुठल्या इंग्रजी खुणेला कुठलं अक्षर ते एकेक लिहीत जायचं. मजकूर धडाधड मराठीत येऊ लागला. पण एका मुलाखतीत लग्नाच्या पंगतीचं वर्णन होतं, आणि तिथे वाक्य आलं: ‘आचार्यांना पहाटेच बोलावणं जायचं.’ पंगतीला आचार्य कशाला? ते आचारी होते, ‘आचाऱ्यांना’. हा र मराठीचा खास. ‘दर्या’ वेगळा आणि ‘दऱ्या’ वेगळ्या. ज्याने तो कन्व्हर्टर लिहिला त्याने हिंदी समोर ठेवून लिहिला होता, आणि हिंदीत या फरकाची गरज पडत नाही. त्याची चूक म्हणता येणार नाही.

बंद सॉफ्टवेअर असतं तर मी काय केलं असतं? कंपनीला पत्र लिहिलं असतं आणि वाट पाहिली असती. इथे कोड समोर होता. माझा भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. आम्ही दोघांनी ती जागा शोधली आणि तीन ओळी घातल्या. पुन्हा चालवलं. आचारी पंगतीला आले. त्या तीन ओळी मूळ लेखकाला पाठवल्या, त्यांनी त्या दोन दिवसांत सामील करून घेतल्या. आता कुणीही कुठल्याही गावात तो कन्व्हर्टर चालवला तर त्याला आचारी आचारीच मिळतात.

लोक मला विचारतात, हे सगळं फुकट मिळतं ना? मिळतं. पण मी त्यासाठी यात पडलो नाही. आपल्या भाषेची ओळ आपल्याला घालता येते, यासाठी पडलो. फुकट आणि मुक्त असे दोन सुटे शब्द मराठीत आहेत, ते सुटेच वापरूया. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करत बसावं लागलं. त्यांची गोष्टही एका अडकलेल्या यंत्राचीच आहे. १९८०च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा, अशी सोय स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरला केलेली होती. नव्या प्रिंटरचा कोड मिळाला नाही, सोय करता आली नाही. १९८३ साली त्यांनी संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम उभी करायचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिला. पुढचा इतिहास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, मी वेळ घेत नाही.

त्यापेक्षा एक गोष्ट पडद्यावर करून दाखवतो. ही लिब्रेऑफिसमध्ये साठवलेली फाइल, शेवटी ओडीटी असं लिहिलंय. हिच्या नावातलं ओडीटी काढून मी झिप लिहितो. आता ती पिशवीसारखी उघडली. आत बऱ्याच चिठ्ठ्या आहेत, त्यातली कंटेंट नावाची साध्या नोटपॅडमध्ये उघडतो. खुणांची गर्दी आहे, पण मधे बघा: ‘माझं नाव काय विचारता, मला सगळे आक्काच म्हणत.’ त्या सुईणबाईंचं पहिलं वाक्य. लिब्रेऑफिस उद्या जगातून नाहीसं झालं तरी हे वाक्य वाचता येईल. ही रचना जाहीर आहे; २००६ साली आयएसओने ती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. वाचनालयांनी, साहित्य संस्थांनी, पतपेढ्यांनी आपली जपून ठेवायची कागदपत्रं याच रूपात ठेवावीत असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही सॉफ्टवेअर कुठलं वापरता याच्याबद्दल माझा तितका हट्ट नाही, फाइलीबद्दल आहे.

आता अडचणी, कारण माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून कुणी घरी जाऊन सगळं बदलून टाकलं आणि सोमवारी काम अडलं, तर ते मला चालणार नाही. चार्टर्ड अकाउंटंटकडे लागणारी हिशेबाची पॅकेजं बहुतेक विंडोजसाठीच असतात. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालेल याची खात्री आधी करून घ्यावी लागते. लिब्रेऑफिसमधला मजकूर दुसऱ्याकडे वर्डमध्ये उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर पानं सरकतात. छापायला द्यायची प्रत पीडीएफच द्या. छपाईच्या चार रंगांत थेट काम करायला चित्रांवर काम करायचं गिम्प अजून अपुरं पडतं, मी त्यासाठी चित्रांना क्रिता आणि पानांच्या मांडणीला स्क्रायबस वापरतो. स्क्रायबसमध्ये तर कित्येक वर्षं जोडाक्षरं तुटत होती. ती जुळली कशी? ओमानमधल्या एका गटाला अरबी लिपी नीट हवी होती, त्यांनी गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय त्यात केली, आणि त्या सोयीत देवनागरीही तरली.

कोड उघडा आहे म्हणजे सुरक्षित आहे, असंही मी म्हणणार नाही. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या एका छोट्या प्रोग्राममध्ये चोरदरवाजा सापडला. फाइली दाबून लहान करणारा हा प्रोग्राम असंख्य संगणकांवर असतो आणि तो अनेक वर्षं एकच थकलेला माणूस सांभाळत होता. कुणीतरी दोन-अडीच वर्षं त्याला मदत करत विश्वास मिळवला आणि मग आत विष पेरलं. ते सापडलं आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला, कारण त्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागत होता. त्याने अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवला. कोड उघडा होता म्हणून तो शोधू शकला, हे खरं. पण त्या थकलेल्या माणसाच्या मदतीला आधीच कुणी गेलं असतं तर ही वेळ आली नसती, हेही तितकंच खरं. म्हणून मी दर दिवाळीला एका मुक्त प्रकल्पाला देणगी देतो. तुम्ही वापरत असाल तर तुम्हीही द्या.

शेवटचा विषय तुमच्या घरातल्या लॅपटॉपचा. विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. चालू स्थितीतले कितीतरी लॅपटॉप यात बसत नाहीत. भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट ही लिनक्सची सोपी आवृत्ती घालून बघा. माझ्या शेजारच्या वहिनींचा २०१४चा लॅपटॉप असा परत उभा राहिला. त्यांचं काम म्हणजे ब्राउझर, बचत गटाचा हिशेब आणि व्हीएलसी या मुक्त व्हिडिओ प्लेयरवर जुनी नाटकं. अडलं ते फक्त मराठी टायपिंगपाशी. त्यांना इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवला, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पंधरा दिवसांत हात बसला. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलं गेली जवळजवळ दोन दशकं लिनक्सवर शिकताहेत, तेव्हा हे अवघड आहे असं कुणी म्हणू नये.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत त्यांनी खाली थांबावं. माझ्याकडे चार पेन ड्राइव्ह आहेत. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, तुमच्या डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते पाहू आणि मगच ठरवू. चार्जर सोबत असू द्या.

आणि एक विनंती आहे. ४३पैकी ३२ फाइली मराठीत आल्या. सुईणबाईंचं बोलणं त्यांच्या नातीला मिळालं, २६ पानं भरली. उरलेल्या ११ फाइली त्या लॉकवाल्या सॉफ्टवेअरने स्वतःच्याच रूपात साठवल्या आहेत आणि त्या अजून कुणालाच उलगडलेल्या नाहीत. टांगेवाल्यांची मुलाखत त्यांत आहे. तुमच्यापैकी कुणाकडे, ओळखीच्या कुठल्या बंद पडलेल्या छापखान्यात किंवा माळ्यावरच्या खोक्यात, दोन्ही बाजूंना २५ पिनांचे पोर्ट असलेलं राखाडी रंगाचं काड्यापेटीएवढं ठोकळं पडलेलं असेल तर मला आणून द्या. ते लावता येईल असा विंडोज ९८चा संगणक माझ्याकडे अजून चालू आहे.