हरवलेल्या तबकड्यांचा तपास

श्रोतेहो, 15 जानेवारी 1936 रोजी अमेरिकेत सीबीएस या प्रसारणजाळ्यावरून ‘गँग बस्टर्स’ ही रेडिओमालिका सुरू झाली. पोलिसांच्या दप्तरातील खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेली नभोनाट्ये ती सादर करत असे. सायरन, शिट्ट्या आणि मशीनगनचा कडकडाट यांनी तिची सुरुवात इतकी दणक्यात होत असे की त्या दणक्याची आठवण सांगणारा वाक्प्रचारच अमेरिकी इंग्रजीत रुजला. फिलिप्स लॉर्ड यांनी निर्माण केलेली ही मालिका 1957 पर्यंत चालली. एवढ्या वर्षांच्या प्रसारणातले आज ऐकायला मिळतात ते भाग मात्र अगदी थोडे आहेत. याच्या उलट, लॉस एंजेलिस पोलिसांच्या प्रकरणांवर आधारलेल्या ‘कॉलिंग ऑल कार्स’ या 1933 ते 1939 दरम्यानच्या मालिकेचे जवळपास सगळे, म्हणजे सुमारे तीनशे, भाग उपलब्ध आहेत. कमी गाजलेली मालिका टिकली आणि देशभर गाजलेली हरवली, हे असे का झाले, हा प्रश्न मला पहिल्यापासून अस्वस्थ करत आला आहे. हरवलेले भाग शोधायचे असतील तर वाट याच प्रश्नातून निघते, असे माझे मत आहे.

त्या काळी एनबीसी आणि सीबीएस ही मोठी प्रसारणजाळी ध्वनिमुद्रित कार्यक्रम प्रसारित करायला तयार नसत. नाटक स्टुडिओत प्रत्यक्ष सादर होई आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या वेळेतील फरकामुळे अनेकदा तेच नट तेच नाटक काही तासांनी दुसऱ्यांदा सादर करत. प्रसारणासाठी ध्वनिमुद्रणाची गरजच नव्हती, म्हणून ते जपण्याचेही कोणाला कारण नव्हते. ‘कॉलिंग ऑल कार्स’ची गोष्ट वेगळी होती. तिचा प्रायोजक रिओ ग्रँड ही तेलकंपनी होती आणि तिचे पेट्रोल जिथे विकले जाई, तिथल्या रेडिओकेंद्रांपर्यंत कार्यक्रम तबकड्यांवरून पोहोचवला जात असे. पेट्रोल विकण्यासाठी काढलेल्या प्रतींनी नाटक वाचवले.

म्हणून एखादा भाग शोधायला घेताना तो किती चांगला होता किंवा किती गाजला होता हे विचारण्याआधी, त्याची प्रत काढण्याची गरज कोणाला होती, हे विचारावे. जाहिरात-संस्थेला प्रायोजकाला ऐकवण्यासाठी प्रत लागे. एखादा नट किंवा लेखक स्वतःच्या खर्चाने आपला भाग मुद्रित करून घेई. 1942 पासून अमेरिकेच्या सशस्त्र दलांची रेडिओसेवा परदेशी तळांवरील सैनिकांसाठी लोकप्रिय कार्यक्रमांच्या व्हिनाइल तबकड्या काढू लागली. त्यांतून जाहिराती कापलेल्या असत, भागांना या सेवेचे स्वतःचे क्रमांक दिलेले असत आणि वापरानंतर तबकड्या नष्ट कराव्यात असा दंडक असे. तो सगळ्यांनी पाळला नाही, हे आपले भाग्य.

आता या तबकडीविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण अर्धी हानी तिच्या घडणीतच लिहिलेली आहे. ती 16 इंच व्यासाची असे, मिनिटाला 33⅓ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर साधारण 15 मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावे. अर्ध्या तासाच्या नाटकाला दोन बाजू लागत आणि मध्ये खंड पडू नये म्हणून पहिली बाजू संपत आली की शेजारच्या यंत्रावर दुसरी तबकडी सुरू केली जाई. नाटकाचे दोन अर्धे असे दोन वेगळ्या तबकड्यांवर गेले की त्यांची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही. खून होतो, फौजदार घटनास्थळी पोहोचतो आणि तबकडी संपते, असे कितीतरी अर्धे भाग आज संग्रहांमध्ये आहेत. थेट मुद्रित केलेल्या तबकडीचा गाभा ॲल्युमिनियमचा आणि वरचा थर नायट्रोसेल्युलोजच्या लाखेचा असे. महायुद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळले आणि गाभा काचेचा आला. ती काच हातातून निसटली की सगळेच संपते. लाखेत मऊपणासाठी एरंडेल मिसळलेले असे. वर्षानुवर्षांत त्याचे विघटन होऊन पृष्ठभागावर पांढरी, तेलकट भुकटी येते, लाख आक्रसते आणि गाभ्यापासून सुटून तडकते. अशी तबकडी सापडल्यावर ‘काय आहे ते ऐकू तरी’ म्हणून घरच्या यंत्रावर लावण्याचा मोह मी समजू शकतो, पण जड सुईचा तो एक फेरा कदाचित तिचा शेवटचा ठरेल. आधी लेबलचे, कडेवरच्या खुणांचे आणि पाकिटाचे छायाचित्र घ्यावे आणि ती जाणत्या हातांकडे सोपवावी.

पुष्कळदा लेबल नसते किंवा असते ते चुकीचे असते. 1960 आणि 70च्या दशकांत संग्राहकांनी टेपवर प्रतींच्या प्रती काढून आपापसांत वाटल्या. त्या निष्ठेमुळेच पुष्कळ काही वाचले, मात्र त्याच वाटेने चुकीच्या तारखा आणि अंदाजाने दिलेली शीर्षकेही पसरली. अशा वेळी सत्यकथेवरच्या मालिकेचा एक मोठा आधार मिळतो: आतला गुन्हा खरोखर घडलेला असतो. नावे बदललेली असली तरी दरोड्याची पद्धत, गाडीची बनावट आणि गुन्हेगार पकडला गेला ते गाव हे तपशील जुन्या वर्तमानपत्रांशी आणि न्यायालयीन नोंदींशी ताडता येतात. ‘गँग बस्टर्स’मध्ये तर शेवटी फरारी गुन्हेगारांची वर्णने वाचली जात. उंची, केसांचा रंग, व्रण असे सगळे त्यात असे. तो माणूस कधीपासून हवा होता आणि कधी हाती लागला हे कळले की प्रसारणाची तारीख त्या दोन टोकांमध्ये अडकते. निवेदकाचा आवाजही साक्ष देतो. न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त लुईस व्हॅलेंटाइन सप्टेंबर 1945 मध्ये पद सोडल्यावर या मालिकेचे निवेदक झाले. त्यांचे निवेदन ज्या भागात आहे, तो त्याआधीचा असू शकत नाही.

संहिता आहेत, मग आवाज कशाला, असे कोणी विचारेल. ‘गँग बस्टर्स’च्या आधी 1935 मध्ये लॉर्ड यांनी ‘जी-मेन’ ही मालिका केली, तेव्हा एफबीआयचे संचालक एडगर हूव्हर यांनी संहिता आपल्या कार्यालयाकडून तपासून घेण्याचा आग्रह धरला होता. कागदावर उरले ते अशा तपासणीतून गेलेले शब्द. पोलिसाचा दरारा किती चढवला, मरणाऱ्या गुन्हेगाराला दयेचा एखादा श्वास मिळाला की नाही, कोणत्या शब्दानंतर नट थांबला, हे कागद सांगत नाही. या नाटकांनी लाखो घरांना पोलीस आणि गुन्हेगार यांच्याकडे पाहायला शिकवले. ते कोणत्या सुरात शिकवले, हे ध्वनिमुद्रणावाचून कळणार नाही.

म्हणून एखादा अर्धाच भाग हाती आला तरी तो टाकून देऊ नये आणि पूर्ण म्हणून नोंदवूही नये. कितव्या मिनिटाला आवाज थांबतो, शेवटचे वाक्य कोणते आणि ते कोणाच्या तोंडी आहे, हे नोंदीत लिहून ठेवावे. दुसरी तबकडी ज्याच्याकडे असेल, त्याच्याजवळ याच नाटकाचे सुरुवात नसलेले 15 मिनिटे पडून असतील आणि आपण लिहिलेल्या त्या शेवटच्या वाक्यावरूनच त्याला ते ओळखता येईल.