गिऱ्हाईकाच्या पावलावर दुकान चालतं, फ्रीज नाही

नमस्कार मंडळी. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे, त्यामुळं लोक लाइटबिल खिशात घेऊनच माझ्याकडं येतात. परवा एक साडीवाला मोबाईल पुढं धरून म्हणतो, हे बघ, फरशीवर गिऱ्हाईक चाललं की वीज होते, मला बसवून दे. म्हटलं दादा, एका पावलाला पाचेक ज्यूल मिळणार अन् एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल, म्हणजे युनिटामागं 7 लाखांच्या वर पावलं, एवढं गिऱ्हाईक दिवाळीत तरी येतं का तुझ्याकडं?

दुसऱ्याला गच्चीवर पवनचक्की पायजे, चाळकेवाडीला फिरतात ना म्हणून. अहो ते पठार आहे, इथं बिल्डिंगांत वारं अडतं, आणि वारं निम्मं झालं की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा राहते.

आपलं ऊनच बरं. घरात लाइट जास्त लागते संध्याकाळी, दुकानात भर दुपारी, फ्रीज, पंखे, झेरॉक्स सगळं चालू, म्हणजे ऊन आणि गरज एकाच वेळी. 1 किलोवॅटच्या सोलर पॅनलला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी, साताऱ्याचा पाऊस माहितीये तुम्हाला. जेवायला शटर ओढलं तरी नेट मीटर, म्हणजे आपली जादा वीज लाइनीत जाते ती मोजणारं मीटर, असलं की वीज वाया जात नाही, बिलातनं वजा होते. गच्ची मालकाची असली तर दुकानापुढच्या पत्र्याच्या जागी पॅनलच तिरकं लावायचं, सावलीची सावली. नगरपालिकेला विचारून हां! आणि सोलरवरची ती पीएम सूर्यघर योजनेची 78 हजारांपर्यंतची सबसिडी घरगुती मीटरला आहे, दुकानाला नाही, पण कमर्शियल युनिटच महाग असल्यामुळं प्रत्येक युनिटामागं बचत जास्त.

हॉटेलवाल्यांनी मात्र खरकट्याकडं बघावं. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वेंनी शेणाऐवजी पिठूळ खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस केला, 2006 साली त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. टाकी सुरू करताना तेवढं शेण लागतं, मग शिळा भात, पोळी, भाजीचे देठ. माझ्या ओळखीच्या एका खानावळवाल्यानं लग्नाच्या ऑर्डरीचं उरलेलं सगळं एकदम ओतलं, टाकी आंबली, गॅस बंद, वर वासानं शेजारी भांडायला. पंधरा दिवस टाकीला खायला देणं बंद केलं, गोठ्यातनं शेण आणून कालवलं तेव्हा कुठं शेगडी पेटली. आता बादलीवर मार्करनं रेघ मारलीये त्यानं, त्याच्या वर एक घास टाकू देत नाही पोरांना.