बांध नसलेलं शिवार

(दृश्य: धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी हिरवी शेतं, मधूनमधून झाडोऱ्याची कुंपणं.)

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावरून उत्तरेकडे निघालेली गाडी साधारण दीड तासात नेवार्कला पोहोचते. वाटेत खिडकीबाहेर दिसतात ती झुडपांच्या कुंपणांनी आखलेली शेतं. चौकोनाला चौकोन लागलेला, प्रत्येकाची हद्द वेगळी. इंग्लंडचं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं आणि ते फार पुरातन असावं असंही वाटतं. पण या मध्य इंग्लंडमधली बरीचशी कुंपणं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. त्याआधी इथे मैलोन्‌मैल मोकळी शिवारं होती, आणि ती कसायची कशी ते सारं गाव मिळून ठरवायचं.

तसं शिवार आज बघायचं असेल तर नेवार्कहून वायव्येला, नॉटिंगहॅमशरमधल्या लॅक्स्टन या गावी जायचं.

(दृश्य: गावचा मुख्य रस्ता. लाल विटांची, कौलारू घरं.)

गाव लहान आहे. एक मुख्य रस्ता, एक चर्च, ‘डव्हकोट इन’ नावाचा एक पब. पण चार पावलं चाललं की एक गोष्ट नजरेत भरते. इंग्लंडमध्ये इतरत्र शेतकऱ्याचं घर त्याच्या शेतात, एकटं उभं असतं. इथे शेतकऱ्यांची घरं गावात, रस्त्याला लागून, एकमेकांच्या शेजारी आहेत. घरामागे गोठे, कोठारं, त्यामागे लांबट परसू. शेत मात्र गावाबाहेर. सकाळी घरातून निघायचं, शिवारात जायचं, संध्याकाळी गावात परतायचं. आपल्याकडच्या माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही. गावठाण आणि शिवार ही आपलीही रीत आहे. इंग्लंडमध्ये मात्र ती जवळजवळ पुसली गेली, आणि म्हणून लॅक्स्टनच्या रस्त्यावर आम्हाला परकं वाटलं नाही.

(दृश्य: गावाबाहेरचं मोकळं शिवार. ओल्या चिकण मातीत नुकताच उगवलेला गहू.)

हे त्यातलं एक शिवार. अशी तीन आहेत: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. नजर पोहोचेल तिथवर मध्ये कुंपण नाही. पण ही जमीन एकाची नाही. ती पट्ट्यापट्ट्यांत वाटलेली आहे आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शिवारांत विखुरलेल्या आहेत. एक इथे, एक ओढ्याजवळ, एक पार त्या चढावर. चांगल्या जमिनीतला वाटा सगळ्यांना आणि हलक्या जमिनीतलाही सगळ्यांना, असा या वाटणीमागचा विचार सांगतात. आपल्याकडे तीन भावांत वाटणी होताना प्रत्येक तुकड्याचे तीन तुकडे होतात, त्यामागेही हाच हिशेब असतो.

पिकाची फेरपालटही गावाची मिळून. एका वर्षी शिवारात हिवाळ्याआधी पेरलेला गहू, पुढच्या वर्षी वसंतात पेरायचं पीक, तिसऱ्या वर्षी जमिनीला विश्रांती. आपल्या भाषेत, पड. पूर्वी या पडीवर गावाची गुरं-मेंढरं चरत आणि त्यांचं खत जमिनीला मिळे. आपल्या पट्टीत आपल्याला वाटेल ते लावता येत नाही. शेजाऱ्यांचा गहू तर आपलाही गहू, त्यांची पड तर आपलीही पड.

आणि पट्टी लांबच लांब का? माती चिकण आणि भारी. बैलांची मोठी जोत ओढत न्यायची तर ती वारंवार वळवणं जड. म्हणून नांगराचं तास जितकं लांब काढता येईल तितकं काढायचं. इंग्रजीतला ‘फर्लांग’ हा शब्द यातूनच आला. त्याचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’. आपली जुनी माणसं अंतर फर्लांगात सांगत, रस्त्याकडेला फर्लांगाचे दगड असत. तो शब्द अशा एखाद्या चिखलाच्या रानातून आपल्यापर्यंत आला. एकरही तसाच. एक फर्लांग लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टी म्हणजे एक एकर. 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यातून मुंबई इलाख्याची नवी जमीन मोजणी सुरू केली, तेव्हा हा एकर आपल्या रानात उतरला. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आपण आजही बोलताना जमीन याच मापात सांगतो.

(दृश्य: जुन्या नकाशाची प्रतिमा. बारीक रेषांच्या पट्ट्या, त्यांत चिमुकली माणसं.)

1635 मध्ये लॅक्स्टनच्या तेव्हाच्या मालकाने गावाची मोजणी करून घेतली. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने काढलेला तो नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पट्टी न्‌ पट्टी आखलेली, आणि मध्ये नांगरणारी, पीक कापणारी इवलीशी माणसं काढलेली. मोजणीच्या नकाशात माणसं काढायला कोणी सांगितलं असेल? कोणी नसेल सांगितलं. त्याला ती दिसली असणार. काळाच्या ओघात पट्ट्या एकत्र होऊन मोठ्या झाल्या, संख्येने कमी झाल्या, बैल गेले, ट्रॅक्टर आले. तरी तो नकाशा हातात धरून या शिवारात उभं राहता येतं.

मग बाकीच्या गावांचं काय झालं? 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेने मोकळ्या, सामाईक जमिनी वाटून त्यांना कुंपण घालण्याचे 5,200 हून अधिक कायदे केले. इंग्लंडच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त, सुमारे 68 लाख एकर जमीन त्यांखाली आली. विखुरलेल्या पट्ट्या एकत्र झाल्या, सामाईक कुरणं वाटली गेली, कुंपणं उभी राहिली. उत्पन्न वाढलं, हेही खरं. पण ज्याच्याकडे एक गाय आणि गावच्या कुरणावर ती चारायचा हक्क, एवढीच मिळकत होती, त्याच्या हातून तो हक्क गेला. लॅक्स्टन वाचलं त्याचं एक मोठं कारण फार मानवी आहे. इथली जमीन दोन मोठ्या जमीनदार घराण्यांत विभागलेली होती आणि कुंपणं घालण्यावर त्यांचं एकमत होईना. त्या दोघांच्या न जमण्यातून गावाची जुनी रीत टिकली.

पुढे 1952 मध्ये शेती मंत्रालयाने ही जमीन विकत घेतली, 1981 मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेली, आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे त्या दोन घराण्यांपैकीच एकाच्या वारसांकडे परतली.

(दृश्य: चर्चचा अंतर्भाग. लाकडी पुतळ्यावर खिडकीतून येणारा उजेड.)

संत मायकेलच्या चर्चमध्ये मध्ययुगातल्या एका स्त्रीचा पहुडलेला पुतळा आहे, ओक लाकडात कोरलेला. शेजारी दगडी पुतळे आहेत, पण आमचे पाय याच्यापाशी थांबले. गावाच्या उत्तरेला गवताखाली गेलेली नॉर्मन गढीची टेकाडं आहेत. शेरवूडच्या राजवनाचे रखवालदार तिथे राहत.

(दृश्य: अरुंद रस्ता, ओकची झाडं, जंगलात उभा असलेला तेलपंप.)

लॅक्स्टनहून काही मैलांवर ईक्रिंग. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, तेलविहिरी खोदणारे 42 अमेरिकी कामगार इथे गुपचूप आणले गेले. जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजं बुडवत होत्या आणि ब्रिटनला घरचं तेल हवं होतं. या कामगारांची राहण्याची सोय केल्हम इथल्या ख्रिस्ती साधूंच्या मठात होती. वर्षभरात त्यांनी 106 विहिरी खोदल्या. एक जण कामावर असताना पडून मरण पावला. इथल्या ड्यूक्स वूड या रानात आता पक्ष्यांचे आवाज आहेत आणि जुने तेलपंप आहेत. त्या कामगारांच्या आठवणीत हातात पाना धरलेल्या कामगाराचा पुतळाही घडवला गेला. थोडं पुढे साउथवेल. तिथल्या एका बागेत 1809 मध्ये मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाची बी लावली. त्या एका झाडापासून इंग्लंडभर स्वयंपाकात वापरलं जाणारं आंबट ब्रॅम्ली सफरचंद आलं.

(दृश्य: पुन्हा लॅक्स्टन. नोव्हेंबरअखेरची सकाळ, धुकं. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसलेली माणसं.)

लॅक्स्टनचा खरा दिवस नोव्हेंबरच्या शेवटी येतो. त्या दिवशी गावाची ज्यूरी, म्हणजे पंचमंडळ, त्या वर्षी गहू पेरलेल्या शिवाराची पाहणी करते. बारा जण, सगळे इथलेच. बरोबर लाकडी खुंटे आणि ते ठोकायला घण.

दोन पट्ट्यांच्या मध्ये बांध नाही, फक्त नांगराचं एक तास. नांगरताना हात जरा सैल पडला की नांगर शेजाऱ्याच्या जमिनीत जातो, नाहीतर गावच्या वाटेत. शिवारात काही सखल, ओलसर जागा आहेत. तिथे नांगर चालत नाही म्हणून त्या पूर्वापार गवताखाली राहिल्या. गावकरी त्यांना ‘साइक’ म्हणतात. उन्हाळ्यात त्या रानफुलांनी भरतात आणि तिथल्या गवताचा लिलाव होतो. त्यांचीही कड कोणी नांगराखाली घेतली आहे का, हे ज्यूरी बघते. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे: बांध कोरणे. त्यापायी आपल्याकडे किती भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढले आहेत, हे मराठी प्रेक्षकाला सांगायला नको.

इथेही कोर्ट आहे, पण ते गावातच बसतं. पाहणीनंतर आठवडाभराने डव्हकोट इनमध्ये ‘कोर्ट लीट’, म्हणजे जमीनमालकाच्या नावाने भरणारं गावचं जुनं कोर्ट, भरतं. जमीनमालकाचा कारभारी असतो, बेलिफ असतो, नावं पुकारली जातात, पुढच्या वर्षाची ज्यूरी शपथ घेते. ज्याने हद्द मोडली त्याला दंड. रक्कम मोठी नसते, पण नाव सगळ्यांसमोर वाचलं जातं. 1977 मध्ये इंग्लंडमधल्या अशा जुन्या कोर्टांचे अधिकार कायद्याने काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनचा अपवाद केला गेला.

आम्ही त्या ट्रॉलीमागून चिखलात चालत होतो. एका कडेशी सगळे उतरले. दोघांनी वाकून तास पाहिलं, तिसरा जरा लांब जाऊन एक डोळा मिटून सरळ रेघ बघत राहिला. कोणी आवाज चढवला नाही. ज्याची ती पट्टी तोही तिथेच उभा होता. मग खुंटा ठेवला गेला आणि घणाचे चार घाव पडले.

(दृश्य: ओल्या मातीत उभा खुंटा. मागे, दूर जाणारा ट्रॅक्टर.)

पुढच्या वर्षी ज्यूरी दुसऱ्या शिवारात जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्या. या शिवारात पुन्हा गहू पेरला जाईल तेव्हा तीन वर्षं झालेली असतील. तोवर हद्द सांगायला हा एक खुंटा.